तीन वर्षांच्या मुलाला ‘तीव्र दमा’ म्हणायच्या आधी

तासगाव तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा तीन वर्षं आठ महिन्यांचा, वजन १४ किलो. पहिल्यांदा छाती भरली तेव्हा चौदा महिन्यांचा होता. गेल्या वर्षभरात तीनदा ॲडमिट झाला: ऑगस्टमध्ये, दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये (तेव्हा ऑक्सिजन लावावा लागला). एरवीही पहाटे खोकतो, हसला-पळाला की खोकल्याची उबळ येते. लहानपणापासून कोपराच्या खोबणीत खाज आणि खरबरीत चट्टे आहेत. मार्चमध्ये घरी सोडताना कार्डावर ‘सिव्हिअर अस्थमा’ लिहिलं आणि पंप दिला, सकाळी दोन पफ, संध्याकाळी दोन. तोच पंप आता जुलैतही चालू आहे, पण फरक नाही. आजी म्हणते, हा बाळदमा आहे, सहा वर्षांचा झाला की जाईल. आईला दोन गोष्टी हव्या आहेत: दमाच आहे हे कुठल्या टेस्टनं पक्कं होईल, आणि तो खरंच तीव्र आहे का?

मी सांगलीत सव्वीस वर्षं लहान मुलांची ओपीडी करतोय. टेस्टचं आधी सांगतो, म्हणजे निदान पैसे तरी वाचतील.

या वयात दमा पक्का करणारी एकच एक टेस्ट नाही. मोठ्या माणसांना नळीत फुंकायला लावतात ती स्पायरोमेट्री साधारण पाच-सहा वर्षांच्या आधी जमत नाही. पूर्ण श्वास भरून, जोर लावून, मध्ये न थांबता फुंकायचं असतं. साडेतीन वर्षांचं पोर नळी चावतं, नाहीतर पिपाणीसारखी वाजते का ते बघतं. ऑसिलोमेट्री नावाची एक तपासणी आहे, तीत मूल नेहमीसारखा श्वास घेत बसलं तरी चालतं. मोठ्या शहरांतल्या काही ठिकाणी ती होते. मदत होते, पण निकाल तिच्यावर लागत नाही. एक्स-रेत दमा दिसत नाही. एक्स-रे काढायचा तो दुसरं काही नाही ना, हे बघायला. रक्तातलं आयजीई (ॲलर्जीत वाढणारं एक प्रथिन) वाढलेलं आलं की पालक रिपोर्ट घेऊन धावत येतात. पण ते जंतांनीही वाढतं, आणि आपल्याकडे माती-चिखलात खेळणाऱ्या किती मुलांना जंत नसतात? शंभर पदार्थांचं ॲलर्जी पॅनेल तर या टप्प्यावर करूच नका. त्यात पंधरा पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ येतात आणि मग घरातलं दूध, अंडं, केळं, सगळं बंद होतं. छाती तशीच राहते, मूल मात्र वाळतं.

मग निदान होतं कशावर? हकिगतीवर, कानावर आणि थोड्या वाट बघण्यावर.

हकिगतीत पहिला घोळ शब्दांचा असतो. ‘डॉक्टर, छातीत घरघर आहे’ हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ वेगळा निघतो. कोणाची घरघर म्हणजे घशात साठलेला कफ, पाठीवर हात ठेवला तर तळव्याला खरखर लागते. हा दमा असेलच असं नाही. सर्दी झालेल्या निम्म्या मुलांत ती मिळते. कोणाची घरघर म्हणजे चोंदलेलं नाक, कोणाची म्हणजे ॲडेनॉइडमुळे (नाकामागच्या गाठीमुळे) रात्रभर घोरणं. कोणी श्वास आत घेताना येणाऱ्या कुईऽऽ आवाजाला घरघर म्हणतं. तो आवाज वरच्या, म्हणजे घशाच्या किंवा मुख्य श्वासनळीच्या अडथळ्याचा, त्याची वाट वेगळी. दम्याचा आवाज श्वास सोडताना येतो, बारीक, लांबट, शिट्टीसारखा. कवठेमहांकाळकडची एक आजी मला म्हणाली होती, ‘छातीत मांजराचं पिल्लू वरडतंय बघा.’ इतकं नेमकं वर्णन मला पुस्तकातही मिळालेलं नाही. म्हणून मी पालकांना आवाजाचं नाव विचारत नाही, व्हिडिओ मागतो. रात्री दोन वाजता मूल धापत असेल तेव्हा शर्ट वर करून, दिवा लावून, मोबाइलवर अर्धा मिनिट छाती-पोट दिसेल असं रेकॉर्डिंग करा. सकाळी ओपीडीत आणेपर्यंत पोर खिदळत असतं आणि छाती स्वच्छ लागते. रात्रीचं खरं काय ते त्या व्हिडिओतच राहिलेलं असतं.

दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेत (जिना) पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तीन गोष्टी बघायला सांगितल्या आहेत. शिट्टीचे झटके पुन्हापुन्हा येतात का, किंवा झटका एकच पण मधल्या काळातही दम्यासारखा त्रास आहे का. दुसरं काही कारण संभवत नाही ना. आणि दम्याच्या औषधाला छाती उत्तर देते का. तुमच्या मुलात पहिली गोष्ट आहे. नुसती सर्दीबरोबर येणारी शिट्टी वेगळी. इथं मूल हसल्यावर, पळाल्यावर, पहाटे खोकतंय, शिवाय कोपरांतले ते खाजरे चट्टे म्हणजे एक्झिमा आहे. या खुणा दम्याकडे बोट दाखवतात. आई-वडिलांपैकी कोणाला दमा आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारून ठेवा, आणि ‘दमा’ या शब्दानं विचारू नका, कारण नाही म्हणूनच उत्तर येईल. ‘लहानपणी तुला धाप लागायची का, वाफ द्यायला न्यायचे का’ असं विचारा.

दुसरी गोष्ट, दुसरं कारण नाही ना, इथं मी जरा जास्त वेळ थांबतो.

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातली अडीच वर्षांची मुलगी आली. तीन महिने ‘दमा’ म्हणून औषधं चालू. दोन्ही हातांनी फाईल धरावी इतके कागद. स्टेथोस्कोप लावला तर उजवीकडे हवा कमी, डावीकडे ठीक. दमा छातीच्या दोन्ही बाजूंना असतो, तो एका बाजूची निवड करत नाही. आईला विचारलं, हे सुरू झालं तो दिवस आठवतो का? तिला महिना आठवत होता, दिवस नाही. पण बरोबर आलेल्या आत्यानं सांगितलं, त्या दिवशी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो, ही खाता-खाता ठसकली, लालबुंद झाली, पाठीवर थापट्या मारल्यावर बरी झाली. बरी झाली नव्हती. शेंगदाणा उजव्या श्वासनळीत जाऊन बसला होता. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, फार तर त्या बाजूचं फुप्फुस जास्त फुगलेलं दिसतं, आणि कधी एक्स-रे अगदी नॉर्मलही येतो. दुर्बिणीनं दाणा काढला आणि ‘दमा’ संपला. तेव्हापासून मी प्रत्येक घरघरीच्या मुलाला हा प्रश्न विचारतो: कधी खाता-खाता जोरात ठसका लागला होता का? घरी सगळ्यांना विचारा, मूल सांभाळणाऱ्या शेजारणीलाही.

बाकीच्या धोक्याच्या खुणा सांगतो, यातली एक जरी असली तरी दम्याच्या पुढचा विचार करावा लागतो. जन्मल्यापासून पहिल्या काही दिवसांतच त्रास सुरू होणं. वजन न वाढणं. तुमच्याकडे अंगणवाडीतलं वाढीचं कार्ड असेल, ते आणा. एका आकड्यापेक्षा ती रेघ जास्त बोलते. महिनाभर न थांबणारा ओला, कफाचा खोकला. दूध पिताना, पाणी पिताना खोकणं. बोटांची टोकं ढोलाच्या काठीच्या टोकासारखी फुगलेली असणं. प्रत्येक वेळी त्याच जागी न्यूमोनिया. पाण्यावर तरंगणारी, तेलकट, घाण वासाची शी आणि मुलाचा पापा घेतला की कातडी खारट लागणं. हे शेवटचं सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराचं लक्षण, आपल्याकडे कमी दिसतं म्हणून कमी शोधलं जातं. त्यासाठी घामातल्या क्लोराइडची तपासणी असते, ६० मिलिमोल प्रति लिटर किंवा वर आलं तर संशय पक्का होत जातो.

आणि क्षयरोग. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला एकेकाळी क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं, त्या भागातल्या जुन्या माणसांना या रोगाचं नाव घेतलं तरी दचकायला होतं. म्हणूनच घरातल्या म्हाताऱ्याचा दोन महिन्यांचा खोकला ‘बिडीचा खोकला’ म्हणून दडवला जातो. त्याच्या मांडीवर बसणाऱ्या नातवाच्या छातीतल्या गाठी सुजून श्वासनळीवर दाबल्या की शिट्टी येते आणि ती पंपानं जात नाही. घरात कोणी दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकत असेल तर ते आम्हाला सांगा. लाज नाही, औषध फुकट आहे.

यातलं काही नसलं तर तिसरी गोष्ट, औषधाला उत्तर. झटक्यात साल्ब्युटामॉल (आवळलेली श्वासनळी उघडणारं औषध) दिल्यावर थोड्या वेळात धाप उतरते का, ते कोणीतरी डोळ्यांनी बघितलेलं हवं. मग कमी मात्रेचं श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड रोज, दोन ते तीन महिने. त्रास कमी झाला तर छान, पण तेवढ्यावर मी सही करत नाही. लहान मुलांची शिट्टी ऋतू बदलला की आपोआपही कमी होते. म्हणून पुढे डॉक्टरांच्या नजरेखाली औषध थांबवून बघतो. थांबवल्यावर त्रास परतला आणि सुरू केल्यावर गेला, की मग दमा.

आता ‘तीव्र’ या शब्दाकडे येतो. तुमच्या कार्डावरच्या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. झटका तीव्र असणं वेगळं, दमा तीव्र असणं वेगळं. मार्चमध्ये मूल ऑक्सिजनवर होतं, म्हणजे तो झटका तीव्र होता, यात शंका नाही. पण साध्या दम्याच्या मुलालाही एखादा जीवघेणा झटका येऊ शकतो. तीव्र दमा कशाला म्हणायचं याची व्याख्या युरोप आणि अमेरिकेतल्या श्वसनरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये मिळून केली: वर्षभर जास्त मात्रेचं श्वासातलं स्टेरॉइड आणि जोडीला दुसरं औषध देऊनही दमा आटोक्यात येत नाही, किंवा मात्रा कमी केली की लगेच उसळतो. आणि ती सहा वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी आहे. या व्याख्येत तुमचा मुलगा बसत नाही, कारण व्याख्येतलं औषध त्याच्या छातीत अजून पोचलेलंच नाही.

हे मी कशावरून म्हणतो? पंपावरून. दिवसाला चार पफ. मार्चअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत धरा ११० दिवस, म्हणजे ४४० पफ लागले असते. बाजारातल्या पंपात साधारण १२० नाहीतर २०० पफ असतात. १२० वाला महिन्यात संपतो, २०० वाला पन्नास दिवसांत. तोच पंप जुलैत चालू असेल तर एक तर रोज दिला जात नाहीये, किंवा एप्रिलअखेर नाहीतर मेमध्येच औषध संपलंय आणि तेव्हापासून नुसता गॅस फुसफुसतोय. आतलं औषध संपलं तरी पंप दाबल्यावर फुस्स आवाज येत राहतो, हे फार जणांना माहीत नसतं. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही. ज्याच्या मागे आकडा दिसतो असा पंप मागून घ्या. तसा नसेल तर डब्यावर सुरू केल्याची तारीख पेननं लिहा.

तुम्हाला दोष देत नाही. माझ्याच पेशंटांत हे सतत निघतं. एका आजीला मी म्हटलं, घरी देता तसा पंप देऊन दाखवा. त्यांनी मास्क नातवाच्या तोंडापासून दोन बोटं लांब धरला (‘टेकवला की रडतंय हो’) आणि लग्नात अत्तर शिंपडावं तसे लागोपाठ तीन पफ उडवले. औषध खोलीला मिळालं. पद्धत अशी: पंप हलवायचा, स्पेसरला (पंप आणि मास्क यांच्यामधल्या प्लॅस्टिकच्या नळकांड्याला) लावायचा, मास्क नाकातोंडावर फट न ठेवता बसवायचा, एकच पफ दाबायचा, आणि मुलाचे पाच-सहा श्वास मोजायचे, स्पेसरची पाकळी हलताना दिसते. अर्ध्या मिनिटानं पुन्हा हलवून दुसरा. रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध फारसं उतरत नाही, तेव्हा आधी शांत करा. बाहुलीला, बापाला, टेडीला मास्क लावायचा खेळ चार दिवस करा, पाचव्या दिवशी ते स्वतः मागतं. नंतर तोंड पुसायचं, पाणी प्यायला द्यायचं. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच निथळत ठेवायचा. फडक्यानं पुसला की प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

पंपाची सवय लागते, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण घरात कोणीतरी म्हणालं असणारच. एक हिशेब देतो. झटक्यात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं सिरप किलोला रोज १ ते २ मिलिग्रॅम देतात. १४ किलोच्या मुलाला कमीत कमी मात्रेनं पाच दिवस दिलं तर ७० मिलिग्रॅम झालं. पंपातून रोज २०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.२ मिलिग्रॅम स्टेरॉइड धरलं तर ७० मिलिग्रॅम व्हायला ३५० दिवस लागतील. औषधं वेगवेगळी आहेत म्हणून तुलना ढोबळ आहे, पण अंदाज येतो. रोजच्या पंपानं उंचीवर थोडा परिणाम होतो हे खरं, साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास. वर्षातून तीनदा ॲडमिट होण्याची किंमत त्याहून मोठी आहे. दम्यासाठी देतात ती माँटेल्युकास्टची गोळी मात्र ‘स्टेरॉइड नाही म्हणून निर्धोक’ समजून चालू ठेवू नका. तिच्यामुळे काही मुलांत चिडचिड, भीतिदायक स्वप्नं, वागण्यातले बदल दिसतात, आणि अमेरिकेच्या औषध नियामकानं २०२० मध्ये त्याबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

पंपानंतर मी घरात वास घेतो. म्हणजे विचारतो. सिगारेट कोणी ओढत नाही, असं सगळेच सांगतात. पण मिश्री घरात भाजता का? तव्यावर तंबाखू जाळून काळी करतात तेव्हा शेजारच्या घरातली माणसं खोकतात, त्याच खोलीत पाळणा असतो. सकाळी आंघोळीच्या पाण्याचा बंब कशावर पेटवता? लाकडाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुनी चप्पल, काहीही आत जातं. रात्री डासांची कॉइल. बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी. त्यामागची माया मला कळते, पण दम्याच्या छातीला धूर ओव्याचा की टायरचा हे कळत नाही. आणि तुम्ही तासगावकडच्या, म्हणून एक खास प्रश्न: बेदाण्याचं शेड आहे का? बेदाणा पिवळा राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. दम्याच्या माणसाची श्वासनळी या वायूनं काही मिनिटांत आवळते, निरोगी माणसाला नुसतं नाक चुरचुरतं. तुमचा तिसरा ॲडमिशन मार्चमधला, ऐन बेदाण्याच्या हंगामातला. योगायोगही असेल. पण पुढच्या हंगामात धुरी चालू असताना पोराला शेडवर नेऊ नका. ऑगस्टचा झटका बहुधा पावसाळी सर्दीचा, दिवाळीनंतरचा थंडी, फटाके आणि शेतात पेटवलेलं उसाचं पाचट यांचा.

औषध नीट पोचतंय, धूर बंद झाला, दुसरा रोग नाही, नाकाची ॲलर्जी आणि घोरणं बघून झालं, आणि तरीही मूल रात्री उठतंय, असं झालं तर मग मात्र खऱ्या तीव्र दम्याच्या तपासण्या करायच्या. त्यासाठी बालश्वसनरोगतज्ज्ञ लागतो, पुण्याला जावं लागेल. सहा वर्षांनंतर ओमालिझुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. तिथपर्यंत पोचणारी मुलं मी फार थोडी बघितली.

आजीचं म्हणणं अगदीच चूक नाही. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात १९८० पासून जन्मलेल्या मुलांचा माग ठेवला गेला. १९९५ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत, तीन वर्षांच्या आत शिट्टी वाजलेल्या मुलांपैकी साधारण ६० टक्के मुलं सहाव्या वर्षी मोकळी होती. बाळदमा जातो ही समजूत यांच्यावरून आली असणार. पण एक्झिमा असलेलं, सर्दीशिवायही खोकणारं मूल उरलेल्या ४० टक्क्यांत असण्याची शक्यता जास्त. सहाव्या वर्षापर्यंत वाट बघत त्याला दर पावसाळ्यात ॲडमिट करणं मला पटत नाही.

तोवर रात्री झटका आला तर: साल्ब्युटामॉलचा निळा पंप स्पेसरमधून, एकेक करत दोन पफ. वीस मिनिटांनी उतरलं नाही तर पुन्हा दोन, आणखी वीस मिनिटांनी पुन्हा दोन. सहा पफ झाले आणि पहिल्या दोन तासांत आणखी लागतायत तर थेट दवाखाना. पुढच्या खुणा दिसल्या तर मात्र सहा पफांची वाट बघू नका, पफ देत-देतच १०८ ला फोन करा: बरगड्यांखाली खळगा पडतोय, आपल्याकडे ज्याला ‘पोट उडतंय’ किंवा ‘डबा झालाय’ म्हणतात तो, वाक्य पुरं करता येत नाही, पाणी घोटता येत नाही, ओठ निळसर, पेंगतंय, ओळख देत नाही, बोटाला लावायचं यंत्र असेल तर ऑक्सिजन ९२ च्या खाली. शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा जास्त श्वास म्हणजे वेगानं श्वास, घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. आणि मूल धापतंय, पण शिट्टी अचानक थांबली, तर बरं वाटलं म्हणून निजवू नका. हवाच आत-बाहेर होईनाशी झाली की आवाजही बंद होतो.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तिन्ही डिस्चार्ज कार्डं, वाढीचं कार्ड, रात्रीचा व्हिडिओ आणि पंप-स्पेसर एका पिशवीत घालून न्या. स्पेसर धुवून नको. घरात जसा असतो तसाच.